पोटखराब माळाचं कुरण कसं करावं

सातबाऱ्यावर माझ्या साडेपाच एकरांपैकी चार एकरांपुढे 'पोटखराब', म्हणजे पेरणीलायक नाही, असा शेरा आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातला मुरमाड उतार, वीतभर माती आणि खाली पाषाण; ज्वारी पेरली तर बियाण्याचे पैसे तरी निघतील का, सांगता येत नाही. उरलेला दीड एकर खाली ओढ्याला आणि गावतळ्याला लागून. तिथं दिवाळीपर्यंत पाय रुततो. मी आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्त झालो तसा भावकीतल्या पोरांनी सल्ला सुरू केला, जेसीबी लावा, सपाट करा, ठिबक टाका, डाळिंब लावा. मी नाही लावलं. आज त्या जमिनीवर दोन गाई, एक पंढरपुरी म्हैस आणि थोड्या शेळ्यांची बरीचशी वैरण निघते, मेंढरं येऊन चरून जातात, आणि त्याच जागेत चंडोल-पखुर्डीसारखे पक्षी, ससे आणि कोल्ह्याच्या जातीतलं खोकड नांदतात.

तुमच्याकडे असा तुकडा असेल, भावकीत पडून असेल, किंवा गावचं गायरान अजून शिल्लक असेल, तर हे तुमच्यासाठी. माळाला कुंपण घालून विसरलं तरी तो बिघडतो आणि सरसकट चारून टाकला तरी बिघडतो. कुठली पट्टी कधी बंद ठेवायची आणि कधी उघडायची, हे ठरवण्यात सगळी कला आहे.

पहिलं वर्ष नुसतं बघा

काही पेरू नका, काही खणू नका. हस्ताचा पाऊस झाला की, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, माळावर चालत जा. तेव्हा गवत तुऱ्यावर असतं, ओळखायला सोपं जातं. पायात बूट हवेत आणि हातात काठी, कारण दगडाच्या कपारीत फुरसं असतं आणि ते गवताच्या रंगात मिसळून जातं.

शोधायचं ते पवन्या आणि मारवेल. मारवेलची काडी हातात घेऊन पेर बघा, पेरावर पांढऱ्या बारीक केसांचं कडं दिसेल. ही मारवेलची ठळक खूण. मारवेल जरा ओल धरणाऱ्या, काळसर मातीत येतं. पवन्या उतारावर मुरमातही तग धरतं. दोन्ही बारमाही. वरचा भाग वाळला तरी बुडखा जिवंत राहतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला फुटतो. डोंगरी गवत दिसलं तर तेही चांगलंच.

मग कुसळी. ही सगळीकडे असते. कोवळी असताना जनावरं खुशाल खातात, पण एकदा कुसळं पिकली की तिच्यासारखा वैरी नाही. एक पिकलेलं कुसळ तळहातावर घ्या. पुढे टोकदार बी, मागं गुडघ्यात मोडल्यासारखी लांब शेपटी. बोटानं त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि हात स्थिर धरा. शेपटीचा पीळ सुटायला लागतो, ती गोल फिरते आणि बी तळहाताला टोचायला लागतं. वाळलं की पीळ परत भरतो. रात्रीचं दव, दिवसाचं ऊन, असं करत करत बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. मेंढीच्या लोकरीत अडकलं तर हाच उद्योग तिच्या कातडीत चालू होतो. दिवाळीनंतर दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी शेळ्या-मेंढ्यांच्या हिरड्यांतून, ओठांतून, डोळ्यांच्या कडेतून मी चिमट्यानं कुसळं काढलेली आहेत. म्हणून कुसळी तुऱ्यावर आली, पण कुसळं अजून हिरवी-मऊ आहेत, तेवढ्या आठ-दहा दिवसांतच ती कापायची. ती वेळ हुकली तर उभीच सोडा; गंजीत कुसळं नकोत.

शेवटी वाईट खुणा. एकेका बीला केसासारखी तीन-तीन कुसळं असलेलं बारीक, खुरटं गवत जागोजाग दिसत असेल, मध्ये मध्ये उघडा मुरूम असेल आणि तरवडाची पिवळी फुलं मात्र जोरात असतील, तर माळ अति चरला गेलाय असं समजा. तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे बाकी सगळं संपलं की तोच उरतो. आमच्या भागातल्या बहुतेक गायरानांची आज ही गत आहे. घाबरायचं कारण नाही. पाणलोटाच्या कामात ज्या गावांनी चराईबंदी मनापासून पाळली, तिथं बुडखे शिल्लक असलेल्या जागी दोन-तीन पावसाळ्यांत गवत उभं राहिलेलं मी नोकरीच्या फिरतीत पाहिलंय.

तीन पट्ट्या करा

आता मुख्य काम. माळाचे तीन भाग पाडा. कुंपण लागत नाही, दगडांची एक ओळ आणि चुन्याची खूण पुरे. दरवर्षी भागांची पाळी बदलायची.

पहिला भाग आखूड ठेवायचा. मृगात तोही बंदच असतो, पण गवत गुडघ्याला लागलं की, साधारण पोळ्याच्या सुमाराला, त्यात गुरं सोडा. रोज नाही, दोन दिवस चरली की आठवडाभर विसावा. गवत चार बोटांच्या खाली गेलं की बाहेर काढा.

दुसरा भाग कापणीचा. मृगापासून थेट कापणीपर्यंत बंद. वैरण इथून निघते.

तिसऱ्या भागाला हात लावायचा नाही. पावसाळा, हिवाळा, सगळा उभा ठेवायचा. फेब्रुवारी संपला की मग त्यात जनावरं सोडायची. कायमचा मात्र बंद ठेवू नका. जुनं काड बुडाशी साचत गेलं की नवा फुटवा गुदमरतो, बुडखे मधून पोकळ होतात.

असं का, तर माळावरच्या प्रत्येकाची उंची वेगळी. धाविक आणि माळटिटवी या पक्ष्यांना उघडी, दगडाळ, आखूड जागा लागते. धाविक तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून किडा उचलतो, परत पळतो. गुडघाभर गवतात त्याला हे जमणार कसं? चंडोलाला घोट्याइतकं गवत आणि मध्ये मोकळी माती हवी, घरटं तो बुडख्याच्या आडोशाला करतो. लावा आणि तित्तर दाट गवतात लपतात. आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवते, ते लांब पंखांचे, गवतावरून तरंगत जाणारे शिकारी पक्षी, रात्रीचा मुक्काम उंच गवतात चक्क जमिनीवर करतात. संक्रांतीच्या आधी सगळा माळ कापून मोकळा केलात, तर त्यांना रात्र काढायला जागा नाही. भोवते दिवसभर नाकतोडे आणि उंदीर खातात; शेजारच्या हरभऱ्याला त्याचा फायदाच.

माळढोकाचं उदाहरण इथंच देतो, कारण आमच्या नान्नजचं नाव त्याच्यामुळेच देशभर झालं. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथं माळाचे काही प्लॉट राखले गेले, चराई थांबली, गवत वाढलं, आणि माळढोक त्यात विणीला टिकला. १९७९ साली अभयारण्य झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, शहरं, साखर कारखाने सगळंच आलं. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. हा मीटरभर उंचीचा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, तेही पावसाळ्यात, आणि त्याला चहूकडे लांबपर्यंत दिसायला हवं असतं. काही प्लॉटांत गवताबरोबर ग्लिरिसिडियाचीही लागवड झाली. ती झाडं वाढली तसा तिथला मोकळेपणा गेला. आज माळढोक दिसणं अतिशय दुर्मिळ झालंय, त्याला विजेच्या तारांपासून उसापर्यंत पुष्कळ कारणं आहेत. पण गवत राखायचं म्हणजे झाडं लावायची नाहीत, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

कापणी

उत्तरा सरून हस्त लागला की विळ्यांना धार लावायची. घाई करू नका. चंडोल आणि लाव्यांची उशिराची पिल्लं सप्टेंबरमध्येही गवतात असतात. चित्रा नक्षत्रात कापलेलं गवत जरा राठ होतं हे खरं, पण तोवर पवन्याचं बी थोडं गळून गेलेलं असतं आणि पुढच्या वर्षाची पेरणी फुकटात होते.

जमिनीपासून चार बोटं सोडून कापा. बुडख्यातच त्याचा पुढचा फुटवा असतो. मजूर उक्ते घेतले की ते जमिनीला घासून कापतात, पेंढी जड भरते ना! त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

आणि कापणी मधून सुरू करा, कडेला सरकत जा. सगळे उलट करतात. कडेनं गोल गोल कापत आत गेलं की ससे, लाव्याची पिल्लं, सरडे मधल्या उरलेल्या तुकड्यात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत विळ्याखाली नाहीतर बरोबरच्या कुत्र्याच्या तोंडात सापडतात. मधून सुरू केलं की त्यांना राखीव पट्टीकडे पळायला वाट मिळते.

पेंढ्या दोन-तीन दिवस उभ्या करून वाळवा, मग गंजी रचा. परतीचा पाऊस सोलापुरात कधी गाठेल सांगता येत नाही. वर्षाच्या पाच-सहाशे मिलिमीटरातला मोठा वाटा सप्टेंबरातच पडतो, आणि ऑक्टोबरातही एखादी सर येऊन पेंढ्या काळ्या करून जाते.

मेंढरं

आमच्याकडे मेंढपाळ मामा येतात, त्यांची दख्खनी मेंढरं. दिवाळीनंतर खांडं पश्चिमेकडे सरकतात आणि मृगाच्या आसपास परततात. जाता-येता माझ्या शेतात दोन-चार रात्री जाळ्याची वाघर लावून बसवतात. खत मिळतं, त्याबद्दल धान्य द्यायचं, हा जुना व्यवहार. माळाचं जेवढं ज्ञान त्यांना आहे तेवढं मला पुस्तकांतून मिळालं नाही. एकदा जूनच्या शेवटाला मी राखीव पट्टी दाखवून म्हणालो, घाला आत. मामा म्हणाले, "डॉक्टर, आत्ता नगं. फुटवा बोटभर झालाय, आत्ता खाल्ला तर मुळालाच घाव बसतोय. वरच्या अंगाला चारतो, हिकडं पंचमीनंतर बघू." कुठल्याही चारा विकास पुस्तिकेत हेच जास्त शब्दांत लिहिलेलं सापडेल.

त्यांच्याशी आधी एकच गोष्ट बोलून घ्या. मेंढरं वेड्या बाभळीच्या रानातून येत असतील तर पहिल्या रात्री त्यांना माळावर बसवू नका, रोजच्या नांगरटीच्या शेतात बसवा. शेंगा गोड असतात, मेंढ्या आवडीनं खातात, बी पोटातून शाबूत बाहेर पडतं आणि लेंडीच्या खतात जोरात उगवतं. नांगरटीत ते मोडून जातं. माळावर पडलं तर तीन वर्षांत काटेरी झुडूप झालंच म्हणून समजा. उगवलेली वेडी बाभूळ नुसती तोडू नका, ती दुप्पट फुटते. बुडाभोवती खणून, जमिनीखालच्या गाठीच्या खालून तोडायची. पावसाळ्यात माती मऊ असताना रोपं हातानं उपटून निघतात.

घरटी आणि बिळं

मार्च ते जून हा माळटिटवी, धाविक आणि पखुर्डी यांचा विणीचा काळ. माळटिटवी आणि ओढ्याकाठची नेहमीची टिटवी वेगळ्या. माळटिटवीच्या चोचीशी पिवळी गाठ असते, डोक्यावर काळी टोपी, आणि ती पाण्यापासून लांब राहते. अंडी उघड्यावर, दगडांच्या मधोमध, बहुधा चार. रंग इतका मातीशी मिळता की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं आमच्याकडे अजून सांगतात; मी त्यावर पेरणी ठरवत नाही.

घरटं सापडलं तर जवळ काठी रोवून फडकं बांधू नका. कावळे आणि कुत्री खूण लगेच ओळखतात. दहा-बारा पावलांवरचा एखादा मोठा दगड लक्षात ठेवा आणि गुरांना त्या बाजूला महिनाभर फिरकू देऊ नका, तेवढं पुरतं. जवळ उभं राहून मोबाइलवर फोटो काढत बसलात तर एप्रिलच्या उन्हात अंडी भाजतात. पक्षी अंड्यांवर बसतो तो बऱ्याचदा सावली धरायला.

पखुर्डी बघायची असेल तर पाणवठ्यावर जा. सकाळी ऊन जरा वर आलं की जोड्या-जोड्यांनी उडत येतात, घाईनं पाणी पितात आणि जातात. उन्हाळ्यात नर पाण्यात पोट बुडवून बसलेला दिसला तर नीट बघा. पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात, तो ते पाणी लांब माळावरच्या पिल्लांसाठी नेतो. म्हणून गुरांसाठी हाळ बांधणार असाल तर त्याच्या सांडपाण्याचा एक उथळ, उघड्या काठाचा खळगा सोडा. उंच काठाच्या हौदाचा या पक्ष्याला उपयोग नाही, उलट पिल्लं पडून मरतात. हौद असलाच तर आत तिरपा दगड टाका.

खोकडाचं बीळ उघड्या सपाटीवर असतं, दोन-चार तोंडांचं. ते बुजवायचं नाही, कोंबड्या पळवतो म्हणून तर मुळीच नाही. त्याची बिळाजवळची विष्ठा काडीनं फोडून बघा. माझ्याकडच्या विष्ठेत शेणकिड्यांची चकचकीत टरफलं, बोरांच्या आठोळ्या आणि उंदरांचे केस निघतात. कोंबडीचं पीस क्वचित.

शेण

हा माझा विषय, म्हणून जरा लांबेल.

पावसाळ्याच्या तोंडाला माळावर पडलेला शेणाचा ताजा पोव अर्ध्या तासानं जाऊन बघा. त्यावर शेणकिडे उतरलेले असतात. काही गोळे करून ढकलत नेतात, काही पोवाखालीच बीळ पाडून शेण ओढून घेतात. त्यातच अंडं, त्यातच अळीचं जेवण. जमीन भुसभुशीत होते, पाणी मुरतं, खत बुडख्यापर्यंत पोचतं, आणि पोवात वाढणाऱ्या माश्या कमी होतात. हुदहुद, गायबगळे, पिंगळा, खोकड, सगळे या किड्यांवर जगतात. शेण गोळा करून गोवऱ्या थापणं चालूच राहणार, पण पावसाळ्याचे पहिले दोन महिने माळावरचं शेण माळावरच राहू द्या.

आता औषधाचं. गोचीड आणि खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हल्ली सर्रास दिलं जातं. ते शरीरातून बरंचसं शेणावाटे बाहेर पडतं आणि त्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. औषध वाईट नाही, गरज असेल तर द्यायलाच हवं. मात्र दिल्यानंतर दोन-तीन आठवडे ते जनावर गोठ्यात बांधा आणि शेण उकिरड्यात टाका. सगळ्या कळपाला एकाच दिवशी, तेही जून-जुलैत, डोस देऊन माळावर सोडू नका. नुसत्या पोटातल्या जंतांसाठी फेनबेंडाझोलसारखी औषधं आहेत, ती शेणकिड्यांना तुलनेनं सौम्य. शेण तपासून मगच औषध द्या. दवाखान्यात नमुना नेला की कळतं.

दुखण्यावरचं औषधही बघून घ्या. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, कारण असं जनावर मेल्यावर ते खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर बंदी आली, त्या गोठ्यांत वापरल्या जात होत्या म्हणून. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम मागा. पांढरं गिधाड आमच्या बाजूला अजून अधूनमधून दिसतं.

ओली बाजू

तळ्याकाठचं कुरण माळापेक्षा अवघड. इथं गवत उन्हाळ्यातही हिरवं असतं, म्हणून अख्ख्या गावाची गुरं तिथंच.

पाणी जसजसं उतरतं तसतशी जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हरळी, लव्हाळा धावून येतात. हिप्परग्याच्या तलावाला हे दिसतं, आणि उजनी धरणाच्या फुगवट्याला तर मैलोन्‌मैल. उजनीत रोहित बघायला लोक लांबून येतात, पण ओल्या कुरणाचा खरा पाहुणा पट्टकदंब. हिमालय ओलांडून येणारा हा हंस पाण्यापेक्षा काठाच्या गवतावर जास्त वेळ असतो आणि गाईसारखा चरतो. लहान तळ्यावर तो येईलच असं नाही, पण पिवळे धोबी, तुतवार, शेकाटे, गायबगळे हमखास.

इथं गुरं हवीतच. खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचतं, त्यात अळ्या होतात, आणि तुतवार, चिखल्या त्यातच चोची मारत फिरतात. पिवळा धोबी गाईच्या तोंडापुढे पळत उडणारे किडे टिपतो. गुरं पूर्ण बंद केली की पाणकणीस काठ झाकून टाकतं आणि हे सगळे पक्षी निघून जातात. तेव्हा कड चरू द्या, आणि एक दलदलीचा कोपरा मात्र काट्याकुट्यानं बंद करा. त्यात पाणकणीस आणि लव्हाळ्याचे ठोंब वाढू द्या. पाणलावा त्या ठोंबांत दडतो, जांभळी पाणकोंबडी आत घरटं करते, सुगरणी पाण्यावर वाकलेल्या फांदीला खोपे लटकवतात.

हा कोपरा बंद करण्याचं दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. दलदलीतल्या गोगलगाईंच्या अंगात लिव्हर फ्लूकचा चपटा कृमी वाढतो, तिथून बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला चिकटतो आणि ते गवत खाल्लं की जनावराच्या यकृतात जातो. म्हैस खंगते, दूध तुटतं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. दरवर्षी औषध पाजून पैसे घालवण्यापेक्षा जनावरांना तो सर्वांत ओला तुकडा खाऊच देऊ नका. बाकीच्या काठावर ऊन चढून गवत कोरडं झाल्यावर सोडा, आणि पिण्याचं पाणी हाळात द्या. म्हशीचं आणि पाणकोंबडीचं हित एकाच काट्याच्या कुंपणात साधतं, असं रोज घडत नाही.

मार्च ते मे शेकाटे, टिटव्या आणि चिखल्या याच उघड्या गाळावर अंडी घालतात. तेव्हा गाळपेर करणाऱ्यांचे ट्रॅक्टर आणि गाळ नेणारे डंपर तिथं फिरत असतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे, गाळ निघायलाही हवा. फक्त जेसीबीवाल्याला उभं राहून सांगा की तळ्याच्या पोटातला गाळ काढ, एका बाजूचा उतार तसाच ठेव. काठ भिंतीसारखे उभे कापले की तळ्यात पाणी जास्त मावतं, पण उतरत्या पाण्याबरोबर सरकणारं कुरण कायमचं संपतं. गुरांनाही मग पाण्याला लागता येत नाही.

बेशरम दिसली तर उपटा. शेळ्यांना ती विषारी आहे, आणि तोडून पाण्यात टाकलेली फांदीही मूळ धरते, म्हणून काठावर उन्हात वाळवून जाळा.

गवत परत लावायचं असेल तर

बुडखेच उरले नसतील तेव्हाच हे करा. पवन्या आणि मारवेलचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुठीनं ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा आणि गोणपाटात पुढच्या पावसापर्यंत ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिन्यांची झोप लागते. माती आणि शेणात कालवून गोळ्या करा, मृगाच्या आधी वरवर कुळवलेल्या जागी टाका. मारवेलचे ठोंब जुलै-ऑगस्टमध्ये ओलीत लावले की आणखी भरवशाचं. नांगर घालू नका. वीतभर मातीत नांगर म्हणजे मुरूम वर आणि माती ओढ्यात. पाणी अडवायचं तर माळावरचेच दगड वेचून उताराला आडव्या ताली रचा. सरडेही त्यावर बसतात; एप्रिलमध्ये नर सरडा दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडझाप करताना बघायला मिळेल.

वणव्यासाठी डिसेंबरातच माळाभोवती दहा फुटांची पट्टी खरवडून मोकळी करा. नवा फुटवा यावा म्हणून फेब्रुवारीत काडी लावणारे प्रत्येक गावात असतात. फुटवा येतो, पण राखीव पट्टी, बी, सरडे, सशाची पिल्लं सगळं जातं.

लांडगा आणि कुत्री

गवत आलं की हरणं येतील आणि हरणांमागे कधीतरी लांडगाही. हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीतल्या बिळात त्याची पिल्लं असतात. बीळ कळलं तरी गावात बोलू नका. शेळी गेलीच तर मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढा, लगेच वनविभागाला कळवा; हेल्पलाइन १९२६. पंचनामा झाला की भरपाई मिळते. विष घालणं हा गुन्हा आहे, लांडगा आणि काळवीट दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

माझ्या अनुभवात शेळ्यांचं जास्त नुकसान मोकाट कुत्री करतात आणि नाव लांडग्याचं होतं. घरच्या कुत्र्याला रेबीजची आणि डिस्टेंपरची लस द्या. डिस्टेंपर कुत्र्यांकडून खोकडांत आणि लांडग्यांत जातो. विणीच्या दिवसांत कुत्रं माळावर मोकळं सोडू नका.

आणि ग्रामसभा

स्वतःच्या चार एकरांवर तुमचं चालेल, गायरानावर चालणार नाही. तिथं दर जुलैत कुणीतरी रोपं घेऊन येतं, खड्डे खणतं, फोटो काढतं. झाडं लावायला विरोध करू नका, तुमचंच हसं होईल. जागा सुचवा, शाळेचं आवार, स्मशानभूमी, रस्त्याच्या कडा, बांध. तिथं कडुनिंब, चिंच, करंज लावा. गायरानाचा फक्त तिसरा हिस्सा एका वर्षासाठी चराईतून बंद ठेवायचा आणि कापणीचा लिलाव करून पैसे ग्रामपंचायतीत जमा करायचे, असा ठराव मांडा. पैशाचं कलम आलं की लोक ऐकतात. शेळ्या पाळणाऱ्या, जमीन नसलेल्या घरांना बंद पट्टीतून डोक्यावरचा एक भारा रोज फुकट, हे त्याच ठरावात लिहून घ्या, नाहीतर बंदी पहिल्याच महिन्यात मोडते. आणि विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या. जुलैत खड्ड्यांचं टेंडर निघालेलं असतं.